अनुशेषातली खाट : मराठवाड्यातल्या सरकारी दवाखान्यांचा हिशेब



तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला दवाखान्यांच्या पैशांवर बोलायला का बोलावलं, असा प्रश्न काहींना पडला असेल. मलाही पडला होता. पण ‘जबाबदार कोण’ हा प्रश्न मूळचा आमच्याच विषयातला. वर्गात आम्ही तो काल्पनिक उदाहरणांवर सोडवतो, आणि सुटला नाही तरी कुणाचं काही बिघडत नाही. दवाखान्यात तसं नसतं. म्हणून आज सिद्धान्त थोडे बाजूला ठेवतो आणि इतिहास सांगतो. इतिहास पैशाचा आहे, त्यामुळे थोडा रुक्ष वाटेल. सांभाळून घ्या.

नांदेडपासून सुरुवात करू. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३, या दोन दिवसांमधल्या चोवीस तासांत नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालकं होती. अठ्ठेचाळीस तासांत आकडा ३१ वर गेला. दीडच महिन्यापूर्वी, ऑगस्टमध्ये, ठाणे महापालिकेच्या कळव्याच्या रुग्णालयात चोवीस तासांत १८ जण गेले होते. त्यामुळे हा फक्त मराठवाड्याचा रोग आहे असं मी म्हणणार नाही. पण मराठवाड्यात तो कसा मुरला, त्याला स्वतःचा इतिहास आहे.

सरकारचं उत्तर काय होतं? औषधांचा तुटवडा नव्हता. बरेचसे रुग्ण खासगी दवाखान्यांतून शेवटच्या घटकेला, अत्यवस्थ होऊन आले होते. हे पूर्ण खरं धरून चालू. तरी त्याचा अर्थ काय होतो पाहा. विष्णुपुरीच्या त्या दवाखान्यात नांदेडबरोबर हिंगोली, परभणी, यवतमाळचे आणि सीमेपलीकडून तेलंगणातले लोक येतात. खासगीत पैसे संपले की येतात. शेवटच्या घटकेला येणारा रुग्ण हा तिथे अपवाद नाही, तो नियम आहे. नियमालाच कोणी सबब म्हणून पुढे करत असेल, तर संस्था कशासाठी उभी केली हेच आपण विसरलो, असा त्याचा अर्थ.

मग एक खासदार तिथे गेले. त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांकडून स्वच्छतागृह साफ करून घेतलं. चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. त्यावरून खासदारांवर गुन्हा दाखल झाला. पुढे एका नातेवाइकाच्या तक्रारीवरून अधिष्ठात्यांवरही झाला. जातीचा आणि अवमानाचा प्रश्न त्यात होताच, आणि तो गंभीर आहे. मला आज त्यातली दुसरी एक बाजू दाखवायची आहे. अधिष्ठाता हा संस्थेचा प्रमुख. पण सफाई कामगार नेमायचा तर पद मंत्रालयातून मंजूर व्हावं लागतं. प्राध्यापक नेमायचा तर लोकसेवा आयोग. गळकं छप्पर आणि तुंबलेला नळ सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. औषधं आणि यंत्रं मुंबईहून. आपल्या दवाखान्यात काय कमी आहे हे त्या माणसाला सगळ्यांत आधी कळतं, आणि ते भरून काढायचा अधिकार सगळ्यांत कमी त्यालाच. त्याच्या हातात काय होतं? त्या दिवशी तरी झाडूच होता.

ही रचना कोणी एका दिवसात, दुष्ट बुद्धीने आखलेली नाही. ती साचत गेली. कशी, ते पाहू.

आपल्याकडच्या मोठ्या सरकारी दवाखान्यांची सुरुवात भागीदारीतून झाली. मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि तेवढीच रक्कम कंपनी सरकारने घालावी अशी अट घातली. त्यातून जे. जे. रुग्णालय उभं राहिलं आणि १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजबरोबर सुरू झालं. पुण्याच्या ससूनमागेही डेव्हिड ससून यांची देणगी आहे. मुंबई महापालिकेचं के. ई. एम. आणि त्याला जोडलेलं गोर्धनदास सुंदरदास कॉलेज पुढे, १९२५-२६ चं. तिथे देणगीदारांनी अट घातली होती की शिकवणारे सगळे भारतीय असावेत. या अटी मुद्दाम सांगतो. पैसा देणारा गावातच राहत होता, दवाखाना रोज डोळ्यांनी पाहत होता आणि अट घालू शकत होता. देणगीदार शेठजींचं राज्य चांगलं होतं असं मला म्हणायचं नाही. त्या व्यवस्थेत गरिबाला हक्क नव्हता, कृपा होती. पण थैली आणि खाट यांच्यातलं अंतर कमी होतं.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. मुंबई इलाख्यात १९१९ च्या सुधारणांनंतर आरोग्य खातं ‘सोपीव’ झालं, म्हणजे निवडून आलेल्या मंत्र्याकडे आलं. तिजोरीची किल्ली मात्र गव्हर्नरच्या राखीव बाजूलाच राहिली. मंत्र्याकडे विषय होता आणि पैसा नव्हता. अर्धवट का असेना, कायदेमंडळात प्रश्न तरी विचारता येत होता. आपल्याकडे तीही सोय नव्हती. हैदराबादला मुसा नदीच्या काठी उस्मानिया रुग्णालयाची देखणी इमारत १९२५ साली उभी राहिली. औरंगाबाद, नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद हे पाच जिल्हे त्या इमारतीपासून लांब. मोठं दुखणं म्हणजे हैदराबादची गाडी. राजधानीकडे बोट दाखवण्याची सवय आपल्याला तेव्हापासूनची आहे. पुढे फक्त राजधानी बदलली.

१९४८ मध्ये हैदराबाद मुक्त झालं. त्याच्या दोन वर्षं आधी, १९४६ मध्ये, सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल आला होता. तो आज वाचला तर माणूस थक्क होतो. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराला मुकू नये, हे त्याचं पायाभूत सूत्र. दूरच्या पल्ल्याच्या आराखड्यात दहा ते वीस हजार लोकसंख्येमागे ७५ खाटांचं प्राथमिक केंद्र, त्याच्यावर ६५० खाटांचं दुय्यम रुग्णालय, आणि जिल्ह्याला २५०० खाटा! जवळच्या पल्ल्यासाठी त्यांनी चाळीस हजारांमागे एक छोटं केंद्र सुचवलं. ते तात्पुरतं होतं. आपण ते तात्पुरतं उचललं आणि तेच कायमचं केलं. राज्यघटनेनं रुग्णालयं आणि दवाखाने राज्यसूचीत ठेवले. म्हणजे काम राज्यांचं, आणि वाढत्या उत्पन्नाचे मोठे कर केंद्राचे.

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी औरंगाबादचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, ज्याला सगळा मराठवाडा ‘घाटी’ म्हणतो. सत्तरीच्या दशकात अंबाजोगाईला, म्हणजे तालुक्याच्या गावी, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालं. त्या काळी हे धाडसच होतं आणि त्याचं श्रेय दिलं पाहिजे. १९८८ मध्ये नांदेड, २००२ मध्ये लातूर.

आता प्रशासनाच्या दोन घटना. त्यांच्यावर सहसा कोणी भाषण करत नाही. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रं त्यांच्याकडे गेली. जिल्हा रुग्णालय राज्याच्या आरोग्य खात्याकडे, म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सकांकडे राहिलं. मग १९७० मध्ये आरोग्य संचालनालयातून वैद्यकीय शिक्षण आणि संशोधन संचालनालय वेगळं काढलं. कारण समजण्यासारखं होतं. शिकवण्याकडे स्वतंत्र लक्ष द्यायचं होतं. पण परिणाम काय झाला? एकाच जिल्ह्यातल्या एकाच बाईचं बाळंतपण तीन मालकांच्या दारांतून जाऊ लागलं. तपासण्या जिल्हा परिषदेच्या केंद्रात, रक्तस्राव झाला तर आरोग्य खात्याच्या ग्रामीण रुग्णालयात, तिथे भूल देणारा डॉक्टर नसला तर वैद्यकीय शिक्षण खात्याच्या महाविद्यालयात. तिघांचे मंत्री वेगळे, सचिव वेगळे, लेखाशीर्षं वेगळी. खालचं केंद्र रिकामं पडलं तर त्याचा भार वरच्यावर येतो, पण वरच्याला खालच्याच्या रिकाम्या पदाबद्दल विचारायचा अधिकार नाही. ही फाळणी किती खोल आहे याचा ताजा नमुना बघा. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या सगळ्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेसुद्धा बंद. वैद्यकीय महाविद्यालयांना मात्र तो निर्णय लागू नव्हता, कारण खातं दुसरं! सरकार एक, रुग्ण एक, आणि खिडकी बदलली की नियम बदलतो.

पैशाच्या बाजूने सगळ्यांत मोठं नुकसान माझ्या मते एका हिशेबी विभागणीने केलं. ‘योजनांतर्गत’ आणि ‘योजनेतर’ खर्च. पंचवार्षिक योजनांच्या काळात नवीन जे काही, ते योजनांतर्गत. इमारत, नवा वॉर्ड, नवं यंत्र. योजना संपली की त्याचा पुढचा खर्च योजनेतर व्हायचा. पगार, औषधं, डागडुजी, वीज. पहिला खर्च म्हणजे विकास. त्याची कोनशिला बसते, फीत कापता येते. दुसरा खर्च म्हणजे ओझं. वित्त विभाग दरवर्षी त्यालाच कात्री लावतो. परिचारिकेच्या पगाराची कोनशिला बसवता येत नाही. नव्वदीच्या दशकात राज्याची तिजोरी आखडली, नोकरभरतीवर निर्बंध आले, तेव्हा कात्री पडली ती या दुसऱ्या भागावर. इमारती वाढत गेल्या आणि आतली माणसं कमी होत गेली. २०१७-१८ पासून ही विभागणी कागदावरून गेली. डोक्यातून गेली असं मला दिसत नाही.

आणि इथेच अनुशेष येतो. मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. १९८३ मध्ये वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. १९८४ मध्ये तिने सांगितलं की राज्याचा एकूण अनुशेष ३१८६ कोटी ७८ लाखांचा, त्यांत मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटींचा. सिंचन, रस्ते, शिक्षण यांच्याबरोबर आरोग्यसेवा हाही एक विषय त्यात होता. दांडेकरांबद्दल मला फार आदर आहे. ‘आमच्यावर अन्याय झाला’ ही सभेतली ओरड त्यांनी मोजता येईल अशा रूपात आणली, जिल्हा हे एकक धरलं आणि राज्याच्या सरासरीशी तुलना केली. त्याआधी ती फक्त भावना होती.

पण मोजमापाचा स्वभावच असा की जे मोजता येतं तेच पुढे मागितलं जातं. अनुशेष भरायचा म्हणजे सोयी किती, खाटा किती, त्यांना खर्च किती. आता खाट म्हणजे काय? हा प्रश्न ऐकून हसू नका, तीस वर्षं मी असल्याच प्रश्नांवर पगार घेतला. दवाखान्यातली खाट ही लोखंडाची वस्तू नाही. तिच्यामागे तीन पाळ्यांतली परिचारिका, तपासणारा डॉक्टर, धुतलेली चादर, चालणारी प्राणवायूची नळी, कपाटातलं औषध हे सगळं असलं तर ती खाट. नाही तर ते पलंगाचं सामान. आपण अनुशेषात लोखंड मागितलं, सरकारनेही पुष्कळदा लोखंडच दिलं, आणि दोघांच्याही वहीत अनुशेष भरला. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली, राज्यपालांचे निर्देश आले, निधीचे सूत्र ठरलं. ३० एप्रिल २०२० ला मंडळांची मुदत संपली. नांदेडची ती रात्र आली तेव्हा मराठवाड्याचं मंडळ अस्तित्वात नव्हतं. असतं तरी त्याच्या तक्त्यात त्या रात्रीची उणीव दिसली असती का, याची मला शंका आहे. पाचशेच्या आसपास मंजूर खाटा आणि त्याहून कितीतरी जास्त रुग्ण, ही गोष्ट सरासरीत मावत नाही.

थोडं औषधखरेदीकडे वळतो. याबद्दल आपल्या राज्याला फार आधी इशारा मिळाला होता. १९८६ च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात भेसळीचं ग्लिसरॉल दिल्याने १४ रुग्ण मूत्रपिंडं निकामी होऊन मेले. औद्योगिक वापराचं, विषारी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं ते द्रव्य होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने ते रुग्णाच्या शरीरापर्यंत कसं पोचलं ते कडी कडी उलगडून दाखवलं. खरेदी, तपासणी, अन्न आणि औषध प्रशासन, आणि थेट आरोग्यमंत्र्यांपर्यंत ठपका. मराठी माणसाने अभिमानाने वाचावा असा तो निर्भीड अहवाल आहे. पण अहवाल आपण लिहिला, आणि व्यवस्था उभी केली तमिळनाडूने. १९९४ मध्ये त्यांनी वैद्यकीय सेवा महामंडळ काढलं. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं, आणि प्रत्येक दवाखान्याला बँकेसारखं पासबुक. वर्षभरात इतक्या रकमेची औषधं तुमच्या नावावर. लागतील तशी उचला, पासबुकात नोंद होईल. खरेदी एका जागी, पण काय हवं ते ठरवण्याचा हक्क दवाखान्याकडे. कल्पना साधी आहे. त्यात केंद्रीकरणाचा फायदाही आहे आणि खालच्या माणसाच्या शहाणपणावर विश्वासही.

आपण काय केलं? २०१७ मध्ये सगळी खरेदी हाफकिनच्या महामंडळाकडे दिली. हाफकिन म्हणजे प्लेगच्या लशीचा वारसा सांगणारं नाव. लस बनवणं हे त्यांचं काम, हजारो वस्तूंच्या निविदा काढणं हे नव्हे. खात्यांनी पैसे तिकडे वर्ग करायचे, मागण्या पाठवायच्या आणि वाट पाहायची. मार्चअखेरीला पैसा खर्च झालेला नसायचा, आणि वॉर्डात नातेवाइकांच्या हातात बाहेरून आणायची चिठ्ठी असायची. पैसा नसणं आणि असलेला पैसा खाटेपर्यंत न पोचणं हे दोन वेगळे रोग आहेत. आपल्याकडे दोन्ही आहेत. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक आरोग्यावर खर्च करावा म्हटलं. महाराष्ट्र साधारण त्याच्या निम्म्यावर घुटमळतो. देशातल्या श्रीमंत राज्यांत गणना होणाऱ्या महाराष्ट्राची ही गत! शेवटी २०२३ मध्ये तमिळनाडूच्या धर्तीवर वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. पण नांदेडच्या वेळी जुनं बंद होत आलेलं आणि नवं नीट सुरू न झालेलं, अशी अवस्था. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, मंजूर पदं आणि भरलेली पदं यांतल्या अंतराबद्दल विचारलं, आणि या प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी द्या असं सांगावं लागलं. एका वरिष्ठ अधिकाऱ्याची नेमणूक करा, हे सांगायला उच्च न्यायालय!

इथे भाषेचं एक निरीक्षण नोंदवतो. आपल्या शासकीय मराठीत कर्ता सापडत नाही. ‘निधी उपलब्ध करून देण्यात येईल’, ‘कार्यवाही प्रस्तावित आहे’, ‘पदे भरण्याची प्रक्रिया सुरू आहे’. कोण देईल, कोणी प्रस्तावित केली, कोण भरतो आहे? ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. अग्निसुरक्षेचा प्रस्ताव पाठवलेला होता, मंजुरी आलेली नव्हती, असं तेव्हा पुढे आलं. प्रस्ताव पाठवणाऱ्याने पाठवला, म्हणजे त्याचं कर्तव्य झालं. वरच्याकडे तो ‘विचाराधीन’ होता, म्हणजे त्याचंही चुकलं नाही. वाक्यात कर्ता नसला की दोषाला बसायला जागा राहत नाही. मग तो जवळ जो उभा असेल त्याच्यावर बसतो, आणि तो बहुतेक वेळा परिचारिका असते.

२०१२ ला एक वेगळा रस्ता निघाला. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत नांदेड होतं. पुढच्या वर्षी सगळ्या राज्यात, आणि २०१७ पासून महात्मा फुल्यांच्या नावाने. सरकारने विम्याचा हप्ता भरायचा, रुग्णाने यादीतल्या कुठल्याही दवाखान्यात जायचं. या योजनेची टवाळी करणाऱ्यांत मी नाही. ज्या शेतकऱ्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया एरवी जमीन विकून झाली असती, त्याची ती फुकट झाली. डायलिसिसचे रुग्ण जगले. पण पैशाचा मोठा भाग खासगी रुग्णालयांकडे वाहू लागला, आणि ठराविक शस्त्रक्रियांच्या यादीत न बसणारं जे, ते सरकारी वॉर्डात उरलं. सर्पदंश झालेला, कमी दिवसांचं बाळ, विष प्यालेला तरुण शेतकरी, भाजलेली सून. हे रुग्ण कुठल्या पॅकेजात नीट बसत नाहीत आणि चोवीस तास माणसं मागतात. विमा उपचाराचं बिल भरतो. रात्रपाळीला बसून राहणाऱ्याचा पगार भरत नाही. नांदेड योजनेच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत होतं, हे म्हणून लक्षात ठेवायचं.

आणि आता पुन्हा कोनशिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एका दिवशी दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. त्यांत आपली जालना आणि हिंगोली. परभणी आणि धाराशिव त्याआधीची. हिंगोलीच्या मुलीला डॉक्टर व्हायला नांदेड-औरंगाबाद गाठावं लागणार नाही, हे चांगलंच आहे. पण जुन्या महाविद्यालयांतच शिकवणारे पुरेसे नसताना नव्यांसाठी ते कुठून येणार? तपासणीच्या वेळी एका महाविद्यालयातले शिक्षक दुसऱ्यात प्रतिनियुक्तीवर पाठवून पट भरायचा, हा प्रकार वैद्यकीय क्षेत्रातल्या कोणाला नवा नाही. जिल्हा रुग्णालय महाविद्यालयाला जोडलं की ते या खात्यातून त्या खात्यात जातं, आणि १९७० ची भिंत आणखी एका जिल्ह्यात उभी राहते. जिल्हा शल्यचिकित्सक कुठे बसणार, मोफत आणि सशुल्क यांचं काय होणार, असे प्रश्न मग तिथल्या लोकांनी विचारायचे असतात.

आपल्यापैकी अनेकजण माहितीच्या अधिकाराचे अर्ज करतात. त्यांना एवढंच सांगतो. खाटांचा आकडा मागू नका, तो मिळेल आणि छान असेल. आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयाबद्दल तीन रकाने मागा. प्रत्येक संवर्गाची मंजूर पदं, भरलेली पदं, आणि गेल्या महिन्यातल्या एखाद्या रविवारी रात्री दोन वाजता हजेरीपटावर असलेली माणसं. पहिले दोन रकाने तुम्हाला मिळतील. तिसऱ्याचं उत्तर कसं येतं, त्या वाक्यात कर्ता आहे की नाही, ते बघा आणि मला कळवा.

वेळ संपत आली. तुमचे प्रश्न घेऊ.